सीमेवरचा दगड

प्रास्ताविक

'वारसा' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी, मंदिरे आणि राजवाडे उभे राहतात. जे भव्य आहे, जे राजाने बांधले आणि काळाने राखले, तोच वारसा अशी आपली समजूत झालेली असते. परंतु जेथे कोणी राजा नांदला नाही, कोणती मोठी लढाई झाली नाही, अशा खेड्यालाही स्वतःचा वारसा असतो. कधी तो शेतातील सात थडग्यांत असतो, तर कधी वेशीबाहेर पडलेल्या एका ओबडधोबड दगडात. प्रस्तुत पाठात आपण इंग्लंडमधील ईम या लहानशा खेड्याची हकीकत वाचणार आहोत. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावावर प्लेगचे संकट कोसळले. त्या वेळी गावाने एक निर्णय घेतला आणि त्याची किंमतही मोजली. ही हकीकत वाचताना, कोणती गोष्ट नोंदींवरून कळते आणि कोणती केवळ तोंडोतोंडी चालत आली आहे, याकडेही लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
- ईम गावाच्या इतिहासातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील;
- गावकऱ्यांनी घेतलेल्या निर्णयामागील कारणे व त्याचे परिणाम स्पष्ट करता येतील;
- ऐतिहासिक नोंद आणि आख्यायिका यांतील फरक ओळखता येईल;
- आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या वारशाविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.

१४.१ मूळ पाठ

(१) गाव

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या डोंगराळ भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. एका बाजूला चुनखडीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला काळपट वालुकाश्माचे माळरान आणि या दोहोंच्या मध्ये वसलेले ईम. गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरे वाचून परका मनुष्य 'एयम' असा उच्चार करील. गावकरी मात्र 'ईम' असेच म्हणतात. आजही या गावाची वस्ती हजाराच्या आसपासच आहे. एक लांबलचक वळणाचा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दगडी घरे आणि मध्यभागी संत लॉरेन्स यांचे चर्च, एवढाच गावाचा पसारा.

गाव लहान असले तरी जुने आहे. चर्चच्या आवारात कोरीव नक्षीचा एक दगडी क्रूस उभा आहे. तो सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातील गावांची आणि जमिनींची मोजदाद करवून घेतली. त्या प्रसिद्ध दप्तरातही ईमची नोंद आहे. डोंगराच्या पोटात शिसे होते. त्यामुळे शेती आणि मेंढपाळी यांच्या जोडीला खाणकाम हा येथील लोकांचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. खाणीत उतरणारे मजूर, मेंढ्या राखणारे शेतकरी, एखाददुसरा शिंपी, चांभार, लोहार अशी ही कष्टकऱ्यांची वस्ती होती. १६६५ सालापर्यंत बाहेरच्या जगाने या गावाकडे मुद्दाम पाहावे असे काही घडले नव्हते.

(२) कापडाचा गठ्ठा

१६६५ साली लंडन शहरात प्लेगने थैमान घातले. त्या एका वर्षात तेथे प्लेगने दगावलेल्यांची सरकारी नोंद अडुसष्ट हजारांहून अधिक आहे. ईम लंडनपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. एवढ्या अंतरावरील आडवळणाच्या गावाला आपल्यावरही हीच पाळी येईल असे वाटण्याचे काही कारण नव्हते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ईममधील अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. हॅडफिल्डच्या हाताखाली जॉर्ज विकर्स नावाचा मनुष्य काम करीत असे. कापड दमट लागले म्हणून त्याने ते चुलीच्या उबेला वाळत घातले, असे सांगतात. त्या कापडात पिसवा होत्या आणि पिसवांच्या पोटात प्लेगचे जंतू होते, असे आज मानले जाते. त्या काळी मात्र सामान्य लोकांना जंतू ही कल्पना ठाऊक नव्हती. विकर्स तापाने फणफणला आणि काही दिवसांतच मरण पावला. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाल्याची नोंद आहे.

त्यानंतर त्या घरात, शेजारच्या घरात आणि मग समोरच्या घरात माणसे मरू लागली. वर्ष संपेपर्यंत मृतांची संख्या चाळीसच्या वर गेली. हिवाळ्यात साथीचा जोर ओसरला आणि १६६६ च्या मे महिन्यात तर मृत्यू जवळपास थांबले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण जून उजाडला आणि साथीने पुन्हा उचल खाल्ली. ज्यांची ऐपत होती आणि ज्यांना बाहेर आसरा होता, अशी काही कुटुंबे तोवर गाव सोडून गेली होती. जे उरले होते, तेही निघण्याच्या विचारात होते.

(३) निर्णय

या वेळी गावाचे धर्मगुरू होते विल्यम माँपेसन. वय तिशीच्या आतले. गावात येऊन त्यांना पुरती दोन-तीन वर्षेही झाली नव्हती. गावकऱ्यांचा त्यांच्यावर फारसा विश्वास बसलेला नव्हता, कारण लोकांच्या मनात अजूनही जुने धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांनाच स्थान होते. राज्यसत्ता बदलल्यावर सरकारने ठरवून दिलेली प्रार्थनापद्धती स्वीकारण्यास स्टॅन्ली यांनी नकार दिला आणि १६६२ मध्ये त्यांना पद गमवावे लागले. एकाचे पद दुसऱ्याकडे गेलेले, दोघांची मतेही भिन्न. त्या काळी असा मतभेद म्हणजे उघड वैरच समजले जाई.

असे असूनही माँपेसन यांनी स्टॅन्ली यांची मदत मागितली आणि स्टॅन्ली यांनी ती दिली. आपल्या एकट्याच्या शब्दाने गाव थांबणार नाही, हे तरुण धर्मगुरूने ओळखले होते. आपण आज मानापमान धरून बसलो तर आजूबाजूची गावे उद्ध्वस्त होतील, हे पदच्युत धर्मगुरूला उमगले होते. दोघांनी मिळून जून १६६६ मध्ये गावापुढे तीन गोष्टी मांडल्या. पहिली, ज्याने-त्याने आपापल्या मृतांचे दफन आपल्याच शेतात किंवा परसात करावे. चर्चच्या आवारात दफनासाठी थांबू नये. दुसरी, चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, ककलेट डेल्फ या गावाजवळच्या घळीत व्हावी आणि तेथे प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून अंतर राखून उभे राहावे. तिसरी आणि सर्वांत कठीण अशी की, साथ संपेपर्यंत गावातील कोणीही वेस ओलांडू नये आणि बाहेरच्या कोणी आत येऊ नये.

तिसरी गोष्ट मान्य करणे म्हणजे काय, हे गावकऱ्यांना पुरते ठाऊक होते. घरोघरी माणसे मरत होती. बाहेर पडले तर कदाचित जगण्याची आशा होती. आत राहिले तर मरण समोर दिसत होते. तरीही गावाने ती गोष्ट मान्य केली.

पण माणसांना जगायला अन्न लागते. जवळच चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरचे अर्ल राहत असत. गावकरी बाहेर पडणार नसतील तर धान्य व औषधे पुरवण्याची व्यवस्था त्यांनी केली. शेजारच्या गावांतील लोकही ठरलेल्या जागी सामान ठेवून जात. ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मध्ये एक मोठा दगड आहे. त्याच्या माथ्यावर लहान लहान खळगे आहेत. या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यांत पैशांची नाणी ठेवली जात. व्हिनेगरने रोग धुऊन निघतो असा त्या काळचा समज होता. सामान आणणारा दूर निघून गेला की ईमचा मनुष्य दगडापाशी येई आणि सामान उचलून माघारी जाई. देणारा आणि घेणारा यांची भेट होत नसे. गावाच्या उत्तरेस डोंगरावर एक झरा आहे. तेथेही अशीच देवघेव चाले. त्याला आज 'माँपेसनची विहीर' म्हणतात.

पाठगत प्रश्न १४.१

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ईमच्या लोकांचा शेतीच्या जोडीचा व्यवसाय ______ हा होता.
२. प्लेगचा पहिला बळी ______ हा ठरला.
३. सीमेवरच्या दगडातील खळग्यांत ______ भरलेले असे.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. टॉमस स्टॅन्ली यांना आपले पद का गमवावे लागले?

(४) किंमत

१६६६ चा ऑगस्ट महिना सर्वांत भीषण ठरला. त्या एका महिन्यात पंचाहत्तरहून अधिक माणसे दगावली. गावाबाहेर रायली नावाच्या शेतावर हॅनकॉक कुटुंब राहत असे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, अवघ्या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीचा पती आणि सहा मुले मरण पावली. नियमाप्रमाणे दफन घरच्यांनीच करायचे होते, आणि घरात दुसरे कोणी उरले नव्हते. तिने एकटीने खड्डे खणले आणि एकेक देह ओढत नेऊन पुरला. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक हे दृश्य पाहत होते, पण कोणी पुढे येऊ शकले नाही, असे सांगतात. ती सात थडगी आजही त्या शेतात आहेत. त्यांच्याभोवती दगडी भिंत घातलेली आहे.

माँपेसन यांनी आपल्या दोन मुलांना आधीच यॉर्कशायरमध्ये नातलगांकडे पाठवून दिले होते. पत्नी कॅथरीन हिने आपण सर्वांनीच येथून जावे असे विनवले होते, असे म्हणतात. पण पती जाणार नाही हे कळल्यावर तीही थांबली आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागली. २५ ऑगस्ट १६६६ रोजी तीही प्लेगने गेली. चर्चच्या आवारात, त्या प्राचीन क्रूसाजवळ तिचे थडगे आहे.

संकटात सर्व माणसे सारखी वागत नाहीत. मार्शल हाऊ नावाचा एक धट्टाकट्टा मनुष्य प्लेगमधून बरा झाला होता. आपल्याला आता पुन्हा रोग होणार नाही अशी त्याची खात्री झाली. ज्या घरात दफन करणारे कोणी उरले नसेल तेथील मृतदेह तो पुरी आणि मोबदला म्हणून घरातील वस्तू उचलून नेई. पुढे त्याची स्वतःची पत्नी आणि मुलगा प्लेगने गेले. त्याने नेलेल्या वस्तूंबरोबरच रोग त्याच्या घरात शिरला, अशी लोकांची समजूत झाली.

एमट सिडॉल या तरुणीची कथा तर गावात आजही सांगितली जाते. स्टोनी मिडलटनमधील रोलंड टोर या तरुणाशी तिचे लग्न ठरले होते. साथ सुरू झाल्यावर दोघे घळीच्या दोन काठांवर उभे राहून दुरूनच एकमेकांना पाहत. वसंत ऋतूत एके दिवशी ती आली नाही. तो मात्र कितीतरी दिवस येऊन उभा राहत असे म्हणे. गाव खुले झाल्यावर तो धावत आत गेला, तेव्हा ती एप्रिल महिन्यातच गेल्याचे त्याला कळले.

१ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटचा मृत्यू झाला आणि साथ संपली. माँपेसन यांनी त्याच महिन्यात लिहिलेल्या एका पत्रात ७६ कुटुंबांतील २५९ माणसे दगावल्याचे नमूद केले आहे. गावाची मूळ लोकसंख्या किती होती याविषयी मात्र मतभेद आहेत. पूर्वी ती साडेतीनशे मानली जाई. अलीकडचे अभ्यासक ती सातशेच्या आसपास असावी असे म्हणतात. पहिला आकडा धरला तर चारांतील तिघे गेले. दुसरा धरला तर तिघांतील एकाहून अधिक. यांपैकी कोणताही हिशेब धरला तरी गावातील फारच थोडी घरे शोकावाचून राहिली असतील. आजूबाजूच्या गावांत मात्र या साथीचा म्हणण्यासारखा फैलाव झाल्याचे दिसत नाही.

(५) वारसा

साथ संपल्यावर काय झाले? ज्यांनी गाव सावरले त्यांच्या वाट्याला लगेच सन्मान आले नाहीत. १६७० च्या सुमारास माँपेसन यांची बदली नॉटिंगहॅमशायरमधील ईकरिंग गावी झाली. ते प्लेगच्या गावाहून आले म्हणून तेथील लोक इतके धास्तावले की, आरंभी त्यांना गावाबाहेर एका झोपडीत राहावे लागले, असे सांगतात. ज्याने दुसऱ्यांना रोगापासून वाचवण्यासाठी गावाची वेस बंद केली, त्याच्यासाठी दुसऱ्या गावाची वेस बंद झाली. स्टॅन्ली ईममध्येच राहिले आणि १६७० मध्ये तेथेच वारले.

पुढे शंभर-दीडशे वर्षे या घटनेची आठवण मुख्यतः गावापुरतीच उरली. एकोणिसाव्या शतकात मात्र कवींनी आणि इतिहासलेखकांनी ती उचलून धरली. १८४२ मध्ये विल्यम वुड या गावातीलच लेखकाने ईमचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या कितीतरी कथा त्यात नोंदवल्या. आज आपण ज्या कथा वाचतो, त्यांतील पुष्कळशा अशा घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी कागदावर उतरलेल्या आहेत. म्हणूनच अलीकडच्या काही इतिहासकारांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. गावकरी खरोखर स्वेच्छेने थांबले, की गरिबांना जायला दुसरी जागाच नव्हती? श्रीमंत आधीच निघून गेले नव्हते का? कोंडून घेतल्यामुळे शेजारी वाचले, पण गावातील मृत्यू वाढले नाहीत का? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ईममधील साथीत सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, असा निष्कर्ष गणिताच्या आधारे काढण्यात आला. तो मान्य केला तर गावाची वेस बंद करण्याचे मोल अधिकच वाढते आणि एकाच घरात कोंडलेल्यांचे दुःखही अधिक गडद होते.

या प्रश्नांनी ईमचा वारसा उणा होत नाही. उलट त्यातील माणसे पुतळ्यांसारखी न राहता आपल्यासारखी वाटू लागतात. जाण्याची इच्छा असलेली, भ्यालेली, काही प्रमाणात नाइलाजाने थांबलेली, तरीही थांबलेली माणसे. नाइलाज आणि निर्धार यांची सीमारेषा संकटकाळात कोणाला नेमकी आखता आली आहे?

आज ईममध्ये त्या काळातील घरांवर तेथे कोण राहत होते आणि कोण केव्हा गेले, हे सांगणाऱ्या पाट्या आहेत. चर्चमध्ये १९८५ साली बसवलेल्या रंगीत काचांच्या खिडकीत ही सारी हकीकत चितारलेली आहे. १९९४ मध्ये गावात संग्रहालय सुरू झाले. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी ककलेट डेल्फच्या घळीत लोक जमतात आणि प्रार्थना करतात. त्या दिवसाला 'प्लेग संडे' असे नाव आहे. त्याच सुमारास डर्बीशायरच्या जुन्या प्रथेप्रमाणे गावातील पाणवठे सजवले जातात. लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, पाने व बिया एकेक करून दाबून चित्रे तयार केली जातात. ही चित्रे काही दिवसच टिकतात. दगड मात्र आपल्या जागी असतो. पाहायला येणारे लोक त्यातील खळग्यांत आजही नाणी ठेवतात.

पाठगत प्रश्न १४.२

चूक की बरोबर ते लिहा.
१. सर्व गावकरी साथीच्या आरंभापासून अखेरपर्यंत गावातच राहिले.
२. गावाच्या मूळ लोकसंख्येविषयी अभ्यासकांत एकमत आहे.
३. विल्यम वुड यांचा ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१४.२ शब्दार्थ

आख्यायिका – तोंडोतोंडी चालत आलेली कथा
पदच्युत – पदावरून दूर केलेला
दप्तर – सरकारी नोंदींचा संग्रह
घळ – दोन डोंगरांमधील अरुंद खोलगट जागा
शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा
ऐपत – आर्थिक सामर्थ्य
उचल खाणे – पुन्हा जोर धरणे
थैमान घालणे – अनावर होऊन नासधूस करणे

१४.३ आशय समजून घेऊ या

ईमच्या गावकऱ्यांना रोगाचे कारण माहीत नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगाने दाखवून दिले. म्हणजे ईममध्ये काय घडले असावे हे समजण्याची किल्ली सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी तत्कालीन हिंदुस्थानात सापडली. त्या वेळी आपल्याकडे प्लेगची साथ सुरू होती. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात ती पसरली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. कॅथरीन माँपेसन आणि सावित्रीबाई यांच्यामध्ये दोनशे तीस वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा दोघींचा निर्णय एकच होता.

पुण्यातील त्याच साथीची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तेथे सरकारने घरोघरी सैनिक पाठवून सक्तीने तपासण्या केल्या. उद्देश साथ रोखण्याचा असला तरी लोकांना विश्वासात घेतले गेले नाही. त्यामुळे प्रचंड असंतोष उसळला. ईममध्येही बंधन होतेच, आणि ते अधिक कठोर होते. पण ते घालणारे लोक गावातच राहत होते, त्याच बंधनात जगत होते आणि त्याच रोगाने त्यांच्या घरातीलही माणूस गेले. बंधन कोण घालतो आणि तो स्वतः ते पाळतो की नाही, यावर लोक ते स्वीकारतात की झुगारतात हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आपणही अंतर राखणे, घरात थांबणे, आप्तांना दुरूनच निरोप देणे अनुभवले. त्या अनुभवाच्या आधारे हा पाठ पुन्हा एकदा वाचा.

१४.४ भाषाभ्यास

इतिहास लिहिताना लेखक आपल्या विधानाची खात्री किती आहे हे शब्दांतून सुचवत असतो. मराठीत त्यासाठी नेमके शब्द आहेत. पाठातील पुढील वाक्ये पाहा.

१. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाल्याची नोंद आहे. (लिखित पुरावा)
२. त्याने ते चुलीच्या उबेला वाळत घातले, असे सांगतात. (ऐकीव माहिती)
३. तो मात्र कितीतरी दिवस येऊन उभा राहत असे म्हणे. (ऐकीव माहिती, लेखक खात्री देत नाही)
४. तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी. (अनुमान)

'म्हणे' हा छोटासा शब्द आपण रोजच्या बोलण्यात सहज वापरतो. 'त्याला नोकरी लागली' आणि 'त्याला नोकरी लागली म्हणे' या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्या वाक्याची जबाबदारी बोलणारा घेतो. दुसऱ्यात तो ती ऐकलेल्या गोष्टीवर सोपवतो. वृत्तपत्र वाचताना किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवताना हा फरक ध्यानात ठेवणे हिताचे असते.

१४.५ तुम्ही काय शिकलात

- लहान गावाचा वारसा त्याच्या इमारतींइतकाच तेथील माणसांच्या वागण्यात असतो.
- मतभेद बाजूला ठेवून दोन धर्मगुरू एकत्र आले, म्हणून गावाला निर्णय घेता आला.
- गावाच्या निर्णयाने शेजारची गावे वाचली. त्याची किंमत गावाने मोजली.
- आख्यायिका मौल्यवान असतात, परंतु त्या नोंदींपासून वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

१४.६ स्वाध्याय

१. माँपेसन व स्टॅन्ली यांनी गावापुढे ठेवलेल्या तीन गोष्टी सांगून प्रत्येकीमागील हेतू स्पष्ट करा.
२. 'नाइलाज आणि निर्धार यांची सीमारेषा संकटकाळात कोणाला नेमकी आखता आली आहे?' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे तुमच्या शब्दांत लिहा.
३. मार्शल हाऊ याच्या वागण्याविषयी तुमचे मत सकारण लिहा.
४. पाठातील दोन नोंदी आणि दोन आख्यायिका निवडून लिहा. त्या तुम्ही कशावरून ओळखल्या तेही सांगा.
५. उपक्रम : तुमच्या गावातील, वाडीतील किंवा मोहल्ल्यातील एखादी जुनी विहीर, पार, समाधी, दगड किंवा झाड निवडा. त्याविषयी घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा. मिळालेली माहिती दहा ते बारा वाक्यांत लिहा. 'नोंद आहे', 'असे सांगतात', 'असावे' या शब्दप्रयोगांचा योग्य ठिकाणी वापर करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ (अ) १. खाणकाम २. जॉर्ज विकर्स ३. व्हिनेगर
(आ) १. सरकारने ठरवून दिलेली प्रार्थनापद्धती स्वीकारण्यास नकार दिल्यामुळे स्टॅन्ली यांना पद गमवावे लागले.

१४.२ १. चूक २. चूक ३. बरोबर